फायबरची खुर्ची करताना

लाकूड किंवा लोखंड बाजारातून तयार येते. फायबरग्लास मात्र खुर्ची घडवतानाच साच्यावर तयार होते. काचतंतूंची मॅट ताण सोसते, पॉलिएस्टर रेझिन तिला आकारात धरून ठेवते. त्यामुळे बैठकीची ताकद आराखड्यापेक्षा थर देणाऱ्या हातावर जास्त ठरते.

साच्यात काटकोनी कोपरा नसावा. मॅट तिथे वळत नाही, खाली हवा राहते आणि पुढे नेमका तोच भाग तडकतो. साच्याला किंचित उतार आणि वॅक्सचे चार-पाच हात हवेतच. गाभ्याला थर्मोकोल घालण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. रेझिनमधील स्टायरीन तो विरघळवून टाकते. पीयू फोम टिकतो.

सर्वांत जास्त जपावे ते मिश्रणाला. हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागतो. उन्हाळ्यात रेझिन भराभर धरते, म्हणून एका वेळी मगभरच कालवावे. बादलीभर मिश्रणातली उष्णता आतच कोंडते आणि ते धुमसू लागते. पावसाळ्यात मॅट दमट राहिली तर रेझिन तिच्यात नीट मुरत नाही. रेझिन धरण्याचा वेग वाढवणारा कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट घातलेले तयार रेझिनही मिळते. नवख्याने तेच घ्यावे. तोंडाला रुमाल बांधून स्टायरीनची वाफ अडत नाही, त्यासाठी वाफ शोषणारा मास्कच लागतो. ग्राइंडरच्या धुळीने अंगाला सुटणारी खाज वेगळीच.

बैठक जमली तरी पाय जोडायचे उरतात, आणि बहुतेक खुर्च्या तिथेच हरतात. पातळ कवचात स्क्रू धरत नाही. डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५० मध्ये आलेल्या खुर्चीत कवच आणि धातूचे पाय यांच्यामध्ये जाड रबरी चकत्या आहेत; बसणाऱ्याच्या वजनाचा झटका त्या पसरवतात. डिझायनर ईरो सारिनेनला ट्युलिप खुर्ची एकाच द्रव्याची हवी होती, पण तिच्या एकमेव बारीक खांबाला भार पेलवेना आणि तो ॲल्युमिनियमचा ओतावा लागला. जिथे सारिनेनला माघार घ्यावी लागली, तिथे हौशी कारागिराने हट्ट धरू नये.

बोल्टच्या जागी मॅटचे जादा थर द्यावेत आणि धातूची रुंद पट्टी वरून चिकटवण्याऐवजी थरांच्या मध्येच पुरावी. रेझिन हाताला कोरडे लागले तरी पूर्ण कडक व्हायला काही दिवस घेते. तोवर खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नये.