🚜 *यंत्र सल्ला: खंडेनवमीला हार घालण्याआधी ट्रॅक्टरचा एअर क्लीनर उघडा*



एरवी या मेसेजमध्ये मी कांद्याचा करपा, सोयाबीनवरची अळी, उसाचं खत असं लिहितो. आज पीक नाही, ट्रॅक्टर. खंडेनवमी जवळ आलीय. ट्रॅक्टर धुतला जाईल, हळद-कुंकू लागेल, झेंडूचा हार पडेल. दसरा झाला की लगेच ज्वारी-हरभऱ्याची मशागत, मग कांदा लागवड आणि त्याच्या मागोमाग कारखाने सुरू होऊन उसाच्या ट्रॉल्या. म्हणजे पुढचे चार-पाच महिने इंजिनला उसंत नाही. म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी एक तास काढा आणि हा मेसेज समोर ठेवून इंजिन तपासा. मेसेज मोठा आहे. तुमचा ट्रॅक्टर दुसरं कोणी चालवत असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

*आधी आमच्या घरची गोष्ट*

मी कृषी पदविकेला होतो तेव्हाची. वडील ज्वारीच्या रानात रोटाव्हेटर मारत होते. आई बांधावरून म्हणाली, "धूर निळा यायलाय, बघा एकदा." वडील म्हणाले, "जुना झालाय आता, चालायचंच." ट्रॅक्टर जेमतेम सहा वर्षांचा होता. महिन्याभरात सकाळी सेल मारून मारून बॅटरी बसायला लागली. दर आठवड्याला लिटरभर ऑइल टाकावं लागायचं. शेवटी मिस्त्रींनी हेड उतरवलं, लायनरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "याचं वय नाही झालं. यानं माती खाल्लीय."

एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी होज खालच्या बाजूनं चिरला होता. वरून बघितलं तर एकदम चांगला. होज काही शे रुपयांचा, इंजिनचं काम सत्तर हजारांचं. तीन आठवडे ट्रॅक्टर उभा राहिला, भाड्याचा वेळेवर मिळाला नाही, रानाचा वाफसा निघून गेला. त्या वर्षी माझी फी आईची बोरमाळ ठेवून भरली.

मी पिकांचा माणूस आहे, फिटर नाही. पण हा धडा घरातून मिळालाय, म्हणून तुमच्यापर्यंत पोचवतोय.

*इंजिन सगळ्यात जास्त काय ओढतं?*

आपण डिझेल मोजतो, ऑइल मोजतो. हवा कोणी मोजत नाही. ४५ एचपीच्या आसपासचा, साधारण ३ लिटर क्षमतेच्या इंजिनचा ट्रॅक्टर घ्या. २००० आरपीएमवर काम करताना तो तासाला पाच-सहा लिटर डिझेल पितो, पण त्याच तासात हवा ओढतो दीड लाख लिटरच्या आसपास. आणि ही हवा कुठली? रोटाव्हेटरच्या मागं उठणाऱ्या धुरळ्यातली, उसाच्या गाडीवाटेवरच्या फुफाट्यातली.

आपल्या आजोबांच्या काळातलं विहिरीवरचं डिझेल इंजिन छपराखाली, एका जागी चालायचं. ट्रॅक्टर स्वतःच धूळ उडवतो आणि त्याच धुळीत श्वास घेतो. फरक इथं आहे.

बारीक माती आत गेली की रिंगा आणि लायनरच्या मध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. मग कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल वर चढून जळतं, निळा धूर येतो. तीच माती ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत जाते. एकदा झिजलेलं लायनर कुठल्याही महागड्या ऑइलनं भरून येत नाही.

*१) तुमचा एअर क्लीनर कोणता?*

*ऑइल बाथ* (खाली ऑइलची वाटी असलेला):
– इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, जाळीतलं ऑइल खाली उतरू द्या. मग वाटी काढा.
– तळाला बोट लावा. सेंटिमीटरभर गाळ बसला असेल किंवा ऑइल काकवीसारखं घट्ट झालं असेल तर बदला.
– वाटी आणि जाळी डिझेलनं धुवून पूर्ण निथळू द्या.
– नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा. कमी भरलं तर धूळ आत जाते, जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं.
– धुळीच्या कामात वाटी रोज बघा.

*ड्राय* (कागदी घडीचा फिल्टर असलेला):
– रोज उठून उघडू नका. डॅशबोर्डवरचा दिवा लागला किंवा इंडिकेटर लाल झाला की साफ करा. विनाकारण उघडताना उलट धूळ आत पडते.
– टायरवर, दगडावर आपटू नका. कागद फाटतो, सील वाकडं होतं.
– हवा मारायची ती आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. प्रेशर २ किलोच्या वर नको. पंक्चरच्या दुकानातली हवा पूर्ण जोरात मारली तर कागदाला भोकं पडतात.
– साफ केल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत मोबाईलची बॅटरी लावा. कुठं टाचणीएवढा जरी उजेड थेट दिसला तरी फिल्टर फेकून द्या.
– आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.
– डब्याच्या खालचा रबरी व्हॉल्व्ह रोज दाबून धूळ पाडा. पाच सेकंदांचं काम.

*२) पांढऱ्या फडक्याची परीक्षा*

आजच्या मेसेजमधलं हे एकच केलंत तरी पुरे. इंजिन बंद असताना एअर क्लीनरच्या *पुढचा*, म्हणजे इंजिनकडे जाणारा होज सोडवा. बोटाला स्वच्छ पांढरं फडकं गुंडाळून पाइपच्या आतून फिरवा.

– फडकं स्वच्छ आलं: तिथपर्यंत हवेच्या वाटेनं माती आत जात नाहीये.
– फडक्यावर माती आली: फिल्टर, सील, होज किंवा क्लिप यातलं काहीतरी गळतंय. ते सापडेपर्यंत ट्रॅक्टर रानात घालू नका.

होज हातानं वाकवून *खालच्या* बाजूनं नीट बघा. क्लिपा आवळा. तारेनं बांधलेला होज असेल तर आजच नवीन टाका. जोडताना फडकं आत राहिलं नाही ना, तेही बघा.

*३) डिझेलमधलं पाणी*

– ट्रॅक्टर रात्री अर्ध्या टाकीवर उभा ठेवला की गारव्यानं टाकीत आतून दव धरतं. हिवाळ्यात संध्याकाळीच टाकी भरून ठेवा.
– वॉटर सेपरेटर किंवा फिल्टरखालची काचेची वाटी रोज सकाळी सुरू करण्याआधी बघा. पाणी दिसलं तर खालचा स्क्रू सैल करून सोडा.
– बॅरलमधून डिझेल काढताना पाइप तळाला टेकवू नका, चार बोटं वर ठेवा. बॅरल हलवलं असेल तर एक दिवस बसू द्या. जस्ताच्या (गॅल्व्हनाइज्ड) बादलीत डिझेल साठवू नका.
– फिल्टर बदलल्यावर एअर काढायलाच लागते: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. नवीन कॉमन रेल इंजिनला मात्र पुस्तकात दिलेल्या पद्धतीनंच.

⚠️ इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपांना हात लावून गळती शोधू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

*४) ऑइल*

– सकाळी, सपाट जागेवर, सुरू करण्याआधी गेज काढा, पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. वरच्या खुणेच्या वर भरणं हेही नुकसानच.
– डिझेल इंजिनचं ऑइल काळं होणारच, त्याला घाबरू नका. *दुधाळ* झालं तर पाणी शिरलंय. न टाकता पातळी *वाढली* आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरतंय. दोन्ही वेळा इंजिन सुरू करू नका, मिस्त्रींना बोलवा.
– बऱ्याच ट्रॅक्टरना साधारण २५० तासांनी ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचे असतात. तुमच्या पुस्तकात वेगळे तास असतील तर तेच धरा. फिल्टर जुना ठेवून नवीन ऑइल टाकणं म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणं.

*५) रेडिएटर*

– आपल्याकडच्या कितीतरी बोअरचं पाणी क्षाराचं आहे. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनच्या आत बसतो आणि इंजिन तापतं. कुलंटच वापरा, पुस्तकात दिलेल्या प्रमाणात.
– उसाचं पाचट, गव्हाचा भुसा जाळीत अडकतो. इंजिन बंद आणि गार असताना पंख्याच्या बाजूनं बाहेर हवा मारा.
– फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा.
– गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

*६) धूर काय सांगतो?*

– *काळा:* हवा कमी पडतेय, नोझल खराब आहे किंवा ओझं जास्त झालंय. आधी एअर क्लीनर बघा. चढाला भरलेली ट्रॉली वरच्या गिअरमध्ये रेटू नका.
– *निळा:* ऑइल जळतंय. टाळू नका.
– *पांढरा:* थंडीत सुरुवातीला थोडा चालतो. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल.

*७) सुरू करताना, बंद करताना*

सुरू केल्यावर एक-दोन मिनिटं हळू चालू द्या, लगेच रेस नको. बंद करताना, विशेषतः टर्बो असेल तर, पुन्हा एक-दोन मिनिटं हळू. टर्बोची चक्री मिनिटाला लाखभर फेरे घेते. झटक्यात इंजिन बंद केलं की तिला ऑइल मिळायचं थांबतं, पण ती फिरतच असते.

*पूजेसाठी धुताना*

इंजिन गार होऊ द्या. प्रेशरच्या पाण्याची नळी एअर क्लीनरच्या तोंडावर, सायलेन्सरमध्ये, डायनामो आणि सेल्फवर धरू नका. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला आणि सुरू करण्याआधी आठवणीनं काढा. हार रेडिएटरच्या जाळीपुढं लोंबता ठेवून कामाला जाऊ नका.

*भिंतीवर लिहून ठेवायचं*

▪️ रोज: ऑइल, कुलंट, धुळीचा व्हॉल्व्ह किंवा ऑइलची वाटी, डिझेलमधलं पाणी, खाली गळती
▪️ दर ५० तासांनी: होज-क्लिपा, फॅन बेल्ट, रेडिएटरची जाळी, पांढरं फडकं
▪️ दर २५० तासांनी (किंवा पुस्तकाप्रमाणे): इंजिन ऑइल आणि फिल्टर
▪️ हंगाम सुरू होण्याआधी: डिझेल फिल्टरची मुदत बघणं, टॅपेट, नोझल मिस्त्रींकडून तपासणं

एक जुनी वही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. तारीख, मीटरचे तास, काय बदललं, एवढंच लिहा. ट्रॅक्टर विकायची वेळ आली तर हीच वही दाम मिळवून देईल.

शेवटचं एक. ट्रॅक्टरवर बसलेल्याला सायलेन्सरचा धूर नीट दिसत नाही, बांधावरच्या माणसाला दिसतो. घरातल्या बाईनं, पोरानं, गड्यानं "धूर वेगळा दिसतोय" म्हटलं तर त्याच वेळी ट्रॅक्टर थांबवा आणि खाली उतरून बघा. आमच्याकडं ते झालं नाही.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा केलीत की फडक्याचा फोटो याच नंबरवर पाठवा. माती आली असेल तरी लाजू नका. कुठं बघायचं ते आपण मिळून शोधू.

खंडेनवमीच्या आणि दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा. 🌼

– आपला कृषी सल्लागार