‘अजस्र’ : व्युत्पत्त्यर्थ आणि रूढार्थ

मराठीत ‘अजस्र’ हे विशेषण अतिप्रचंड आकाराचे वाचक मानले जाते. अजस्र यंत्र, अजस्र वृक्ष, अजस्र धूड हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. संस्कृतात मात्र या शब्दाचा आकाराशी संबंध नाही. नञ्पूर्वक ‘जस्’ धातूला ‘र’ प्रत्यय लागून तो सिद्ध होतो (पाणिनी ३.२.१६७). ‘नम्र’ व ‘हिंस्र’ ही रूपेही याच सूत्रातली. ‘न थांबणारे, अखंड’ हा त्याचा मूलार्थ होय. ऋग्वेदात तो अग्नीच्या अखंड तेजाला लावलेला आढळतो. अमरकोशात तो ‘सतत’, ‘अनवरत’ यांच्या पंक्तीत बसतो. हिंदीतील ‘अजस्र धारा’ या प्रयोगात हाच अर्थ टिकून आहे.

कालवाचक शब्द आकारवाचक कसा झाला? ‘अजस्र जलौघ’ यासारख्या प्रयोगांत या स्थित्यंतराचा दुवा शोधता येतो. जो ओघ खंडत नाही तो विपुलही भासतो. सातत्याच्या जागी विपुलता आणि विपुलतेच्या जागी आकारमान येणे स्वाभाविक आहे. शिवाय अफाट, अमाप, अपार, अथांग अशी नकारदर्शक ‘अ’ने आरंभ होणारी महत्तावाचक विशेषणे मराठीत पुष्कळ आहेत. त्यांच्या सान्निध्याने या अर्थांतरास बळ मिळाले असावे.

तथापि रूढार्थातही ‘अजस्र’ हा ‘प्रचंड’ वा ‘विशाल’ यांचा निव्वळ पर्याय नव्हे. ‘प्रचंड राग’ म्हणता येते, ‘अजस्र राग’ म्हणता येत नाही. ‘विशाल हृदय’ चालते, ‘अजस्र हृदय’ म्हणताच अवयवाचे चित्र उभे राहते. ‘भव्य’मध्ये गौरव आहे, ‘अजस्र’मध्ये पाहणाऱ्याला दडपून टाकणारे स्थूलत्व आहे. मूर्त वस्तूंकडे असलेला हा कल मराठीने स्वतः घडविलेला आहे.

म्हणून ‘अजस्र यंत्र’ हा प्रयोग केवळ व्युत्पत्तीच्या आधारे अशुद्ध ठरविणे युक्त नाही. रूढीने तो प्रस्थापित केला आहे. उलट, संस्कृत वा हिंदी संहितेतील ‘अजस्र’चा अर्थ ‘प्रचंड’ असा लावणे, हा अभ्यासकाचा खरा प्रमाद होय. अखंड वाहणारी अश्रुधारा अनुवादात ‘प्रचंड’ झाली, तर दुःखाचा काळ लोपतो आणि पाण्याचे माप तेवढे उरते. ‘अजस्त्र’ हे लेखन मात्र दोन्ही अर्थी त्याज्यच आहे. त्यातील ‘त’काराला व्युत्पत्तीचा आधार नाही, ‘अस्त्र’, ‘शस्त्र’ यांच्या सादृश्याने तो शिरला असावा. ‘सहस्र’ व ‘हिंस्र’ यांबाबतही हीच दक्षता आवश्यक ठरते.