रमजान : श्रवणाकडून आचरणाकडे

रमजान हा इस्लामी कालगणनेतील नववा महिना होय. ही कालगणना केवळ चंद्राच्या गतीवर आधारलेली असून तीत अधिक मासाची योजना नाही. त्यामुळे हे वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान ठरते, आणि रमजान दरवर्षी तितक्याच दिवसांनी अलीकडे येत येत सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. दिल्लीसारख्या विषम हवामानाच्या शहरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तेथे डिसेंबरातील रोजा सुमारे बारा तासांचा, तर जूनमधील रोजा साडेपंधरा तासांचा असतो. रोजा हा निर्जळी उपवास असतो. उन्हाळ्यातील झळांत ओझी वाहणाऱ्या हमालाला किंवा सायकल-रिक्षा ओढणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

जुन्या दिल्लीत या महिन्याचे रूप सहज डोळ्यांत भरते. पहाटेपूर्वी गल्ल्यांतून फिरून लोकांना जागे करण्याची जुनी चाल तेथे अनेक वर्षे चालत आली. शाहजहानने १६५० ते १६५६ या काळात बांधविलेल्या जामा मशिदीच्या विस्तीर्ण प्रांगणात सूर्यास्तापूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे दस्तरखान पसरून बसतात. खजूर, फळे, सरबत पुढे मांडलेले असते, परंतु सूर्य मावळेपर्यंत कोणी त्यांना हात लावीत नाही. रात्री तरावीहची विशेष नमाज होते. तीत हाफिज, म्हणजे ज्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत आहे असा मनुष्य, रोज थोडा थोडा भाग म्हणत महिनाभरात समग्र कुराण ऐकवितो. कुराणाच्या अवतरणाचा प्रारंभ याच महिन्यात झाला, अशी श्रद्धा असल्यामुळे रमजान हा जितका उपवासाचा, तितकाच कुराणाचाही महिना मानला जातो.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. अरबी ही दिल्लीच्या बहुसंख्य मुसलमानांची बोलण्याची भाषा कधीच नव्हती. जे वचन श्रद्धेने ऐकले, त्याचा अर्थ कळला नाही आणि कळला तरी तो वागण्यात उतरला नाही, तर महिनाभराच्या तहानभुकेचे फलित काय? हा प्रश्न बाहेरच्या कोणी विचारलेला नाही. तो खुद्द इस्लामी परंपरेनेच विचारला आहे. जो असत्य बोलणे व असत्याने वागणे सोडीत नाही, त्याने अन्नपाणी सोडावे याची ईश्वराला काहीही गरज नाही, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन हदीस-संग्रहांत आढळते.

उपवासाविषयीच्या आयती

रोजे हिजरीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, आवश्यक ठरविण्यात आले. त्यासंबंधीचा मुख्य उपदेश कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, ‘अल्-बकरा’ या सूरेत, १८३ ते १८७ या आयतींत आला आहे. या पाचच आयती असल्या तरी त्यांतून निघणारे धडे बरेच आहेत.

पहिली आयत उपवासाचा हेतू सांगते. पूर्वीच्या लोकांना जसा उपवास सांगितला होता तसाच तो श्रद्धावंतांनाही सांगितला असून त्यामागे ‘तकवा’ निर्माण व्हावा हा उद्देश आहे, असे तिचे तात्पर्य. ‘तकवा’ या शब्दाचे भाषांतर ‘ईशभय’ असे केले जाते; परंतु त्याच्या मूळ धातूत स्वतःला जपणे, सावरणे हा अर्थ आहे. भाष्यग्रंथांत याविषयी एक संवाद येतो. खलिफा उमर यांनी तकवा म्हणजे काय असे विचारले असता, काट्याकुट्यांच्या वाटेने जाताना आपण काय करता, असा उलट प्रश्न त्यांना करण्यात आला. वस्त्र सावरून, जपून पाऊल टाकतो, असे उमर म्हणाले. तेव्हा तोच तकवा होय, असे उत्तर मिळाले. एकांतात, कोणी पाहत नसताना, समोरच्या माठातील पाणी न पिणाऱ्या रोजेदाराला या सावधपणाचा प्रत्यक्ष अभ्यास घडत असतो.

पुढच्या दोन आयतींत सवलती आहेत. आजारी व्यक्तीने किंवा प्रवाशाने रोजे सोडावेत व पुढे ते भरून काढावेत. ज्यांना उपवास झेपत नाही त्यांनी मोबदला म्हणून दरिद्री माणसाला जेवू घालावे. ईश्वराला माणसाची सुलभता हवी आहे, त्याला अडचणीत टाकण्याची इच्छा नाही, असे कारणही तेथेच दिले आहे. देहदंड हे उपवासाचे साध्य नव्हे, हा यातील धडा. हट्टाने रोजा धरून स्वतःची प्रकृती बिघडविणारा मनुष्य या वचनाचा अर्धाच भाग वाचत असतो. शिवाय जो उपाशी राहू शकत नाही, त्याने दुसऱ्या भुकेल्याला अन्न द्यावे, या योजनेत उपवास व अन्नदान यांचे नाते स्पष्ट होते.

चौथ्या आयतीत उपवासाचा उल्लेखच नाही. ईश्वर भक्ताच्या निकट आहे आणि हाक मारणाऱ्याच्या हाकेला तो ओ देतो, एवढेच तीत सांगितले आहे. नियमांच्या मधोमध आलेले हे आश्वासन वाचकाला क्षणभर थांबविते. पाचव्या आयतीत पुन्हा नियम येतात. पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा तीत आहे. यासंबंधी अदी इब्न हातिम या सहाबीची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी खरोखरच दोन दोरे उशाखाली ठेवले आणि रात्रभर ते निरखीत राहिले. पैगंबरांनी त्यांना समजावून सांगितले की, येथे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड अभिप्रेत आहे. ज्यांची मातृभाषाच अरबी होती, त्यांनाही अर्थ समजून घ्यावा लागला, हे या गोष्टीवरून दिसते.

याला लागूनच येणारी १८८ वी आयत पुष्कळदा दुर्लक्षित राहते. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने गिळंकृत करू नका आणि ती बळकाविण्यासाठी न्यायाधीशांपुढे प्रकरणे नेऊ नका, असा तिचा आशय आहे. वरवर पाहता विषय बदललेला दिसतो. परंतु हा क्रम अर्थपूर्ण आहे. स्वतःच्या कष्टाचे अन्नही ठराविक वेळी खायचे नाही, हे ज्याने महिनाभर शिकायचे, त्याने परक्याच्या धनाला तर कधीच हात लावता कामा नये.

दिल्लीतील भाषांतरांची परंपरा

या वचनांचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे कार्य अठराव्या शतकात दिल्लीतच झाले. शाह अब्दुर्रहीम यांनी स्थापन केलेला ‘मदरसा रहीमिया’ तेथे होता. त्यांचे पुत्र शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांचे नाव मराठी वाचकाने बहुधा पानिपतच्या इतिहासात, अहमदशाह अब्दालीला पाठविलेल्या पत्राच्या संदर्भात, वाचलेले असते. त्यांच्या त्या राजकारणाबद्दल मत काहीही असो, कुराणाच्या अध्ययनात त्यांनी टाकलेले पाऊल दूरगामी ठरले. १७३८ च्या सुमारास त्यांनी कुराणाचा फारसी अनुवाद पूर्ण केला. फारसी ही त्या काळी हिंदुस्थानातील शिकलेल्या वर्गाची भाषा होती. केवळ पंडितांनीच नव्हे, तर साध्या साक्षर गृहस्थानेही धर्मग्रंथाचा आशय स्वतः वाचावा, ही त्यामागील दृष्टी होती.

पुढच्या पिढीत फारसी मागे पडू लागली आणि उर्दू पुढे आली. तेव्हा वलीउल्लाहांचे दोन पुत्र त्या कामाला लागले. शाह रफीउद्दीन यांनी शब्दाला शब्द ठेवून उर्दू अनुवाद केला. शाह अब्दुल कादिर यांनी दिल्लीच्या बोलीतील वळणांचा आधार घेत सुबोध अनुवाद व टिपणे लिहिली. ‘मूजिहुल्-कुरान’ या नावाचा हा ग्रंथ १७९० च्या सुमारास पूर्ण झाला. अब्दुल कादिर ज्या अकबराबादी मशिदीत राहत असत, ती १८५७ नंतर इंग्रजांनी पाडून टाकली. मशीद राहिली नाही, पण तेथील ग्रंथ मात्र पुढे घरोघर वाचला गेला. वलीउल्लाह व त्यांचे पुत्र यांच्या कबरी दिल्लीतील मेहंदियान कबरस्तानात आहेत.

विसाव्या शतकात मौलाना अबुल कलाम आझाद यांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांची पूर्वीची हस्तलिखिते पोलिसांच्या झडत्यांत नाहीशी झाली होती, आणि काम नव्याने करावे लागले. ‘तर्जुमानुल्-कुरान’ या त्यांच्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी १९३० साली दिल्लीजवळच्या मेरठच्या तुरुंगात लिहिली. पहिला खंड १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. ईश्वराचे पालकत्व, त्याची करुणा व त्याचा न्याय या तीन गुणांचे विवेचन हा त्या खंडाचा गाभा आहे. हा ग्रंथ अपूर्ण राहिला. कुराणाने ज्याला ‘सब्र’ म्हटले आहे, ते धैर्ययुक्त सातत्य आझादांच्या या परिश्रमात दिसून येते.

बाजार, घर आणि जिव्हा

अर्थ कळल्यावर पुढची पायरी आचरणाची. त्र्याऐंशीव्या सूरेच्या आरंभी मापात पाप करणाऱ्यांचा धिक्कार आहे: स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरणारे. रमजानच्या दिवसांत दिल्लीच्या बाजारांत फळे, खजूर, शेवया व फेण्या यांची मागणी वाढते. तराजू हाती असलेल्या रोजेदार दुकानदाराची परीक्षा सूर्यास्ताच्या वेळी नव्हे, तर भर दुपारी गिऱ्हाईक पुढे उभे असताना होत असते.

एकोणपन्नासाव्या सूरेत परनिंदेची तुलना मृत भावाचे मांस खाण्याशी केली आहे. अन्नाला न शिवणारी जीभ दिवसभर शेजाऱ्याची निंदा करीत राहिली, तर या उपमेनुसार तो उपवास कोठे उरला, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे.

एकशे सातवी सूरा अवघ्या सात आयतींची आहे. अनाथाला हाकलून देणारा, भुकेल्याला अन्न देण्याची प्रेरणा न देणारा मनुष्य धर्मच नाकारीत असतो, असे ती बजावते. आणि दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांनाही तीच दोष देते. तिचे नाव ‘माऊन’. शेजाऱ्याने उसनी मागितलेली घागर, हंडी, कुऱ्हाड यांसारखी संसारातील किरकोळ वस्तू, असा अर्थ भाष्यकार देतात. इतक्या क्षुल्लक बाबतीत नकार देणाऱ्यालाही या सूरेने मोकळे सोडलेले नाही. ईदच्या नमाजीपूर्वी द्यावयाचा ‘फित्रा’ याच विचाराशी जुळतो. हनफी परंपरेत कुटुंबातील प्रत्येक माणसामागे सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला दिली जाते. आपल्या घरी सण आणि शेजारी चूल थंड, असे होऊ नये, हा त्याचा उद्देश.

या बाबतीत दिल्लीच्या स्मृतीत हजरत निजामुद्दीन अवलिया (मृत्यू १३२५) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. ते बहुतेक काळ रोजे धरीत. त्यांच्या आश्रमातून मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांना अन्न मिळे. पहाटे सेवकाने पुढे ठेवलेले अन्न ते अगदी थोडे घेत. मशिदींच्या कोपऱ्यांत व दुकानांच्या ओट्यांवर कितीतरी दरिद्री उपाशी पडले असताना घास घशाखाली कसा उतरावा, असे ते म्हणत, हे चरित्रकाराने नोंदविले आहे. केवळ ईश्वरासाठी जेवू घालावे, परतफेडीची वा आभाराचीही इच्छा धरू नये, ही शहात्तराव्या सूरेतील शिकवण येथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते. त्यांची संभाषणे टिपून ठेवणारे कवी अमीर हसन पुढे दौलताबादेस आले. त्यांची कबर महाराष्ट्रात खुलदाबाद येथे आहे.

कठीण काळातील कसोटी

१५ ऑगस्ट १९४७ हा दिवस रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत आला आणि १८ ऑगस्टला ईद झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच दिल्लीत दंगली उसळल्या. पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांच्या छावण्या एकीकडे, तर जुना किल्ला व हुमायूनची कबर येथे आश्रयाला आलेले मुसलमान दुसरीकडे, असे दृश्य शहराने पाहिले. एखाद्या समाजाविषयीच्या वैराने तुम्हांला न्यायापासून ढळू देऊ नये, असे पाचव्या सूरेची आठवी आयत सांगते. शांततेच्या काळात हे वचन सोपे वाटते. ज्याचे घर जळाले आहे, त्याला ते सर्वांत अवघड असते. पण त्याच्यासारख्यासाठीच ते सांगितलेले आहे. गांधीजींनी त्या वर्षी दिल्लीतील आपल्या प्रार्थनासभांत विरोध होऊनही कुराणातील वचने वगळली नाहीत. १९४८ मध्ये विनोबा भावे यांनी दिल्लीलगतच्या मेवातात मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाचे काम केले. त्यांनी कुराणाचा मुळातून अभ्यास केला होता, आणि पुढे त्यातील निवडक वचनांचे संकलन ‘कुराण-सार’ या नावाने सिद्ध केले.

दुसऱ्या सूरेच्या १७७ व्या आयतीत या सर्व धड्यांचा एकत्र सारांश सापडतो. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड करणे एवढ्यातच पुण्य नाही, असे ती प्रथम सांगते. श्रद्धेबरोबरच आप्त, अनाथ, गरजू व वाटसरू यांना आपल्या प्रिय धनातून देणे, दिलेला शब्द पाळणे आणि संकटात धीर न सोडणे, ही पुण्याची लक्षणे ती मोजून देते. यांपैकी कोणतेही कर्तव्य एका महिन्यापुरते नाही. ईदचा चंद्र दिसल्यावर तरावीह थांबते, दिवसाचे जेवणखाण पूर्ववत सुरू होते. दुकानातील तराजू, घरातील जीभ आणि शेजाऱ्याची गरज मात्र तशीच राहते. महिनाभर ऐकलेल्या वचनांपैकी किती अंगी मुरली, याचा पडताळा त्यानंतरच्या अकरा महिन्यांत येतो.