सायकलवरील ओझे

मुलांनो, यवतमाळ-अमरावती मार्गावरील नेर येथून बाजार करून निघालेला सायकलस्वार पाहा. ज्वारीचे पोते, तेलाचा डबा, गुळाची ढेप! एवढे ओझे दोन चाकांवर कसे बरे तोलावे? पोते बैठकीला भिडवून बांधावे. ते मागे सरकले की पुढील चाक हलके होते आणि चढणीवर सायकल उताणी होऊ पाहते. हँडलला टांगलेली पिशवी झोके घेते, चाक भलतीकडे वळते. उतारावर भरधाव सुटलेली जड सायकल ब्रेकला सहसा दाद देत नाही. तेथे उतरून चालावे. त्यात कमीपणा कसला? १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी सायकली ढकलीतच सुमारे २००-२०० किलो भार डोंगरांतून नेला. एक बांबू हँडलला वळविण्यासाठी, दुसरा बैठकीच्या जागी ढकलण्यासाठी.