पहिल्यांदा कुठं बसला होता?

रहिमतपुरात माझ्या दारात एक जुनी जीप उभी असते. सीजे-३बी, हिरवी, वर ताडपत्रीचं हूड. येणारा-जाणारा थांबतो, बॉनेटवर हात ठेवतो आणि हमखास विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" आकडा ऐकला की त्याचा चेहरा पडतो. मग मी उलटा प्रश्न टाकतो, "तुम्ही जीपमध्ये पहिल्यांदा कुठं बसला होता?" इथं माणूस खुलतो. चहा होऊन कप विसळून झाले तरी बोलत असतो. अठरा-वीस वर्षं दारात येणाऱ्याला मी हा प्रश्न विचारतोय. "स्टिअरिंगवर" असं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही. या गाडीचा नाद कसा लागतो हे मला कळलं ते बरंचसं या प्रश्नातून, उरलेलं मिस्त्रीची बिलं भागवताना.

१. नाद लागण्याआधी आपण पळून जातो

बहात्तरचा दुष्काळ ओसरत आला होता. मी सात वर्षांचा. मळ्याकडं येणाऱ्या गाडीवाटेवर धुरळा दिसला की आम्ही पोरं ओढ्याच्या बाभळीत पसार व्हायचो, कारण जीप म्हणजे देवी टोचणारे. त्या दिवशी डॉक्टर हाका मारून दमले. मग ड्रायव्हरनं डोकं चालवलं. त्यानं हॉर्न वाजवला आणि ओरडला, "जो टोचून घेईल त्याला ओढ्यापर्यंत फेरी!" बाभळीतून पहिला मी बाहेर आलो.

जागा मिळाली मागं, चाकावर पत्र्याचा उंचवटा असतो त्यावर. पत्रा असा तापलेला की चड्डीतून चटका बसला. पेट्रोलचा वास नाकात गेला तो अजून आहे. पण खरी गंमत मागं बघितल्यावर कळली. बैलगाडीत वाट सावकाश सरकायची, इथं ती आमच्यापासून जीव घेऊन पळत होती. घर, आंबा, शेळ्या, उघड्या दंडाची रडणारी बाकीची पोरं, सगळं बारीक बारीक होत धुरळ्यात गेलं. दंडावरचा वण अजून आहे. देवी १९७५ साली देशातून हटली. जीपच्या नादावर लस निघालेली नाही.

२. बसायलाच पाहिजे असं नाही

आमच्या आळीत एक सुभेदार आजोबा होते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत लढून आलेले. कॉलेजात असताना त्यांना मी हाच प्रश्न केला. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"बसलो न्हवतो. झोपलो हुतो."

मांडीत गोळ्याचा तुकडा घुसलेला. डोंगराच्या वरच्या अंगाला खेचरं, त्याखाली जीप, अशी वाहतूक. जीपवर स्ट्रेचर आडवं बांधलं आणि त्यावर आजोबांना. "वर नुसतं आभाळ. आन डायवर शीळ घालतोय. म्हटलं, मेलो का काय मी?" आजोबांना हे सांगताना हसू यायचं.

ते ज्या गाडीवर झोपले तिचा जन्मही घाईतलाच. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारी चाकं ओढणारी गाडी हवी होती. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत नमुना करून दिला. पण एवढ्याशा कंपनीला सैन्याची भूक भागवणं जमेना, म्हणून काम विलीज आणि फोर्डकडे गेलं आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या निघाल्या. साठ घोड्यांचं इंजिन, दारं नाहीत, वायपर हातानं फिरवायचा, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. मला त्यातली एकच गोष्ट हेवा वाटावी अशी वाटते: हेडलाइट चाप सोडून उलटे फिरवता यायचे, म्हणजे अंधारात इंजिन दुरुस्त करायला बॅटरी धरायला माणूस नको. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण रस्त्यानं जीप गेली की ते कट्ट्यावर सरळ होऊन बसायचे.

३. ज्यांनी तिकीट काढून धक्के खाल्ले तेही प्रेमात पडतात

पुण्या-मुंबईचे हौशी लोक जीप म्हटलं की जंगल, डोंगर, साहस असं बोलायला लागतात. सातारा-सांगलीकडचा माणूस एकच शब्द बोलतो: वडाप, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी खासगी जीप. एसटी गेली की वडाप. एसटी यायच्या आधीही वडाप. कमांडर नाहीतर ट्रॅक्स. कागदावर किती माणसं बसायची ते कागदालाच माहीत. पुढं चार जण आणि ड्रायव्हर निम्मा बाहेर, मधे मांडीला मांडी, मागं समोरासमोर गुडघ्यात गुडघे. क्लीनर मागच्या पायरीवर लोंबकळत, एक हात कॅरिअरच्या नळीला. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

माझ्या प्रश्नाची सगळ्यात रंगीत उत्तरं वडापवाल्यांची. एका प्राध्यापकांनी सांगितलं, ते बारावीची परीक्षा द्यायला दुधाच्या दोन कॅनच्या मधे बसून गेले. एकजण टपावर आल्याच्या पोत्यांवर. आमच्या कोरेगाव तालुक्यात आलं भरपूर, त्यामुळं त्याला जीप म्हटलं की आल्याचाच वास येतो. एका वकीलबाईंनी सांगितलं, "गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. ड्रायव्हरनं तिसरा टाकला की मी गुडघा उचलायचा." त्या बाई आज स्वतःची एमएम-५४० चालवतात आणि शेजारी बसणाऱ्याला गुडघ्याबद्दल आधीच बजावतात.

वडापमधे लोक मेलेही आहेत, हे विसरून मी हे लिहीत नाही. पण विचारलं की माणसं आधी हसतात, हे खरं.

४. फटी मोजा

जुनी जीप विकणारा प्रत्येक जण सांगतो, "मिल्ट्रीच्या लिलावातली आहे. ओरिजनल विलीज." वाद घालू नका. पुढं जाऊन जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या गाडीच्या पत्र्याच्या जाळीला नऊ, नंतरच्या नागरी गाडीला सात. मग मागं जा. युद्धातल्या गाडीला मागं उघडणारा फाळका नसतो, स्टेपनी तिथंच लावलेली. नागरी गाडीला फाळका असतो, कारण शेतकऱ्याला पोती चढवायची असतात.

आपल्याकडं दिसतात त्या बहुतेक महिंद्राच्या. १९४५ साली लुधियानात महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली, महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. त्याच सुमारास विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात झाली. माझी सीजे-३बी त्या घराण्यातली, हाय बॉनेटवाली. बॉनेट उंच का? जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमधे असायचे. नव्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमधे नेला, ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. मग बॉनेटच वर उचललं. मूळची देखणी गाडी त्यात जरा ठोकळा दिसायला लागली हे मी मान्य करतो. बायको तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, हिला गळू झालंय का?"

५. आधी कागद, मग गाडी

हे मी उलटं केलं. गाडी एका पोल्ट्रीच्या मागं सापडली. मागच्या बाकाखाली कोंबडी उबवायला बसलेली. मी त्या कोंबडीसकट प्रेमात पडलो आणि इसार देऊन आलो. घरी येऊन आरसी बुक उघडलं तर चॅसी नंबरातला एक आकडा गाडीशी जुळेना. विकणारा एजंट म्हणाला, "गंज आहे हो, नीट वाचता येत नाही." पॉलिश पेपरनं घासून बघितलं. गंज नव्हता. आकडाच वेगळा होता. तो निस्तरण्यात दीड वर्ष गेलं आणि किती हेलपाटे घातले ते सोडून देतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर हरित कर. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. पण ती गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही. माझ्या गाडीतून कडबा येतो.

६. ताकद दाखवायची नसते, हे मिस्त्रीकडून शिकलो

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असतात. एक पुढच्या चाकांना जोर देतो, दुसरा 'लो'चा. हे दांडे ज्या पेटीतून वर येतात तिला मेकॅनिक लोक ऑक्झिलरी म्हणतात. लो टाकला की वेग साधारण अडीच पटीनं कमी आणि ओढ तेवढीच जास्त.

हे मला पुस्तकातून समजलं नाही. समजलं आमच्या हत्तीच्या मोटेवरून. गावातल्या आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कबरीजवळ साधारण पन्नास फूट उंच बुरूज आहे, त्याला पश्चिमेकडून लांब उतरण. हत्ती उतरणीवरून पाऊल पाऊल खाली यायचा आणि पाणी वर चढायचं, मशिदीच्या कारंज्यासाठी. लहानपणी आम्ही त्या उतरणीवर पळायच्या शर्यती लावायचो. हत्ती तिथं पळत नव्हता हे चाळिशीत ध्यानात आलं. लो म्हणजे ती हत्तीची चाल.

आता माझा पराक्रम. गाडी तयार झाल्यावर मेव्हण्याला घेऊन कोरेगाव रोडला निघालो, चारी चाकं लावून, छान सुक्या डांबरावर. स्टिअरिंग जड झालं, वळणावर टायर किंचाळले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, कायतरी अडकतंय." मी म्हटलं, "ताकद आहे ती." पुढच्या वळणावर खालून फाटकन आवाज आला आणि शाफ्टाचा क्रॉस तुटला.

मिस्त्रीनं गाडीखालूनच धडा दिला. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशोब जुळतो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टात साठतो. "डांबरावर दोनच पायांनी चालायचं, साहेब," म्हणाला आणि ग्रीसचा हात माझ्या पांढऱ्या शर्टाला लागेल असा बाहेर आला. मुद्दाम असावा.

७. बैलांशी संबंध ठेवा

आमची काळी माती पावसात टायरच्या खाचा भरून टाकते. चाक गुळगुळीत गोळा होतं, मग चार चाकं ओढली काय नि आठ ओढली काय. उसाच्या रानात गाडी पाट्यांपर्यंत बसली. लो लावला, आणखी बसली. शेवटी शेजारच्या मळ्यातली खिल्लारी जोडी आली. ओढताना बैलांनी मान खाली घातली एवढंच, तोंडाला फेसही नाही. मालकानं पैसे घेतले नाहीत. "फोटो काढू का?" तेवढं विचारलं.

८. कासच्या सड्यावर गाडी घालू नका

तिथली माती बोटभर जाडीची, त्यावर ती फुलं. २०१२ पासून जागतिक वारसा. टायरची एक रेघ कित्येक वर्षं दिसत राहते. यावर चर्चा नको.

९. पुढची जागा मोठी असं आपण समजतो

आई ऐंशीला टेकली तेव्हा तिला औंधच्या यमाईला न्यायचं ठरवलं. तिचं माहेर त्याच बाजूचं, खटाव तालुक्यातलं. मी चढायला स्टूल केलं, पुढच्या सीटवर नवा फोम घातला, धरायला दांडा वेल्ड करून घेतला. आई बाहेर आली, सगळं बघितलं आणि सरळ मागं जाऊन म्हणाली, "ह्यो फाळका पाड."

"आई, मागं दणके बसतील."

"मागंच बसवलं हुतं मला."

मी जगाला विचारत फिरलो, आणि घरात विचारलं नव्हतं. तिचं लग्न झालं त्या साली वरातीसाठी सोसायटीच्या चेअरमननी जीप दिली होती. पुढं चेअरमन आणि माझे आजोबा. मागं ती, करवली आणि तांदळाचं पोतं. डोक्यावरचा पदर धरून ती सगळा रस्ता मागंच बघत होती. वेशीत उभी तिची आई ठिपका होईतो दिसली, मग यमाईचा डोंगर तेवढा दिसत राहिला.

"त्या दिवशी माहेर लांब जाताना बघितलं," ती बाकावर टेकत म्हणाली. "आज सासर जाऊ दे."

मी फाळका लावला, कडी घातली, पुढं येऊन बसलो. नव्या फोमची सीट शेजारी रिकामीच होती. आरशात आईची पाठ तेवढी दिसत होती. तिनं पत्र्यावर दोन थापा मारल्या.