लहान संगणक-जाळे आणि पत्त्यांचा हिशेब

शाळा, पंचायत समित्या व लहान कार्यालये यांतील संगणक परस्परांना जोडताना यंत्रे आणि तारा यांचा विचार प्रथम होतो. पत्त्यांचा हिशेब बहुधा मागे राहतो. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास स्वतंत्र पत्ता लागतो. पत्ते संपले, की सुस्थितीतील यंत्रही जोडले जात नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी असे घडल्यास त्याची झळ विद्यार्थ्यांना पोहोचते.

आयपी पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. आरंभीचे अंक जाळ्याची ओळख देतात, उरलेले यंत्राची. ही विभागणी कोठे होते, हे ‘सबनेट मास्क’ सांगतो. यंत्रासाठी ५ अंक ठेवल्यास ३२, ६ ठेवल्यास ६४ व ८ ठेवल्यास २५६ पत्त्यांचा गट मिळतो. गटातील पहिला पत्ता जाळ्याचा असतो व शेवटचा सर्वांना एकदम संदेश धाडण्यासाठी राखीव असतो. म्हणून उपयोगास अनुक्रमे ३०, ६२ व २५४ पत्ते उरतात.

उदाहरणार्थ, एका शाळेत १८ संगणक, ३ प्रिंटर, २ वायफाय केंद्रे व १ राउटर अशी २४ यंत्रे आहेत असे मानू. ३० पत्ते आज पुरतील. परंतु आणखी १० संगणक आल्यास अपुरे पडतील. यास्तव ६२ पत्त्यांचा गट, म्हणजेच २५५.२५५.२५५.१९२ हा मास्क, निवडणे हिताचे. खाजगी जाळ्यांसाठी १९९६ च्या नियमाने राखून ठेवलेले पत्ते विनामूल्य असल्याने येथे काटकसरीचे कारण नाही.

मात्र गट मोठा आहे म्हणून सर्वांनाच त्यात सामावून घेणे इष्ट नव्हे. अभ्यागताचा मोबाइल फोन निघून गेला, तरी त्यास दिलेला पत्ता ठरलेली मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. अशा फोनांसाठी वेगळा गट ठेवावा आणि तेथून लेखाशाखेच्या संगणकांकडे जाणारा मार्ग राउटरवर बंद करावा.

६४ पत्त्यांच्या गटाचा आरंभ ०, ६४, १२८ किंवा १९२ येथेच होतो आणि गटातील सर्व यंत्रांचा मास्क एकच असावा लागतो. पत्त्यांचा तक्ता नोंदवहीत लिहून ठेवावा. कर्मचाऱ्याची बदली झाली, तरी त्याच्या जागी येणाऱ्यास तो मार्गदर्शक ठरेल.