आजचं चिंतन : स्वतःचं लाइफ जॅकेट (गीता ३.२१)

मोठा माणूस जसा वागेल, तसेच बाकीचे वागू लागतात, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात.

९ डिसेंबर १९७१. दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या टॉर्पेडोने आयएनएस खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाजावरच थांबले.

हे वाचताना मला लाज वाटली. परवा ऑफिसात चूक माझी होती, मी ती ज्युनिअरवर ढकलली. जीव नाही, फक्त थोडा मान गेला असता. तोही मला सोडवला नाही.

उद्या सगळ्यांसमोर कबूल करणार आहे. मित्रांनो, आज आपण कोणाला पुढे करून स्वतः वाचतोय?

देवा, बळ दे.